शोभेचा अनुस्वार

काही वर्षांपूर्वी एका मराठी संस्थेची स्मरणिका आमच्या हाती आली. संस्था जुनी, शंभरीच्या घरातली. तेव्हा मुखपृष्ठही जुन्या वळणाचे असावे असे चालकांनी ठरवले होते. संगणकावर काम करणाऱ्या एका हौशी तरुणाने ते तयार केले होते. कागदाला चहात बुडवून वाळवल्यासारखा पिवळट तपकिरी रंग, कडांना कसरीने खाल्ल्यासारख्या खाचा, मध्यभागी राजा रविवर्म्याची कमळावर उभी असलेली लक्ष्मी, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी आणि खाली ठसठशीत अक्षरांत शीर्षक : ‘जुन्यां आठवणीं’. ते पाहून पुष्कळांना गहिवरून आले. आम्हांसही क्षणभर बरे वाटले. मग त्या दोन अनुस्वारांकडे लक्ष गेले आणि त्या बरे वाटण्यात खडा लागला.

जुन्या मराठी लेखनात अनुस्वार आजच्याहून पुष्कळ जास्त होते, हे खरे. ‘जुनीं चित्रें’ असे लिहीत, कारण चित्र नपुंसकलिंगी. ‘त्यानें’ असे लिहीत, कारण ती तृतीया. ज्यांनी बाळबोध वळण पाटीवर गिरवले त्यांना ते टिंब कोठे द्यायचे आणि का द्यायचे हे छडीच्या धाकाने का होईना, ठाऊक होते. १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले. ते योग्य झाले की नाही हा वाद येथे नको. पण ‘आठवण’ हा शब्द स्त्रीलिंगी. त्याच्या प्रथमेच्या अनेकवचनावर आमच्या आजोबांनी कधीच टिंब दिले नसते. मुखपृष्ठ करणाऱ्याला एवढेच माहीत होते की जुन्या लेखनात टिंबे अधिक असत. ती कशासाठी असत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग त्याने दोन टिंबे शोभेसाठी दिली.

‘रेट्रो’ किंवा ‘व्हिंटेज’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आजच्या चित्रणाविषयी आम्हांस जे म्हणायचे आहे, ते सगळे या दोन टिंबांत आलेले आहे. चहाच्या डब्यांवर, लग्नपत्रिकांवर, मराठी पदार्थांच्या उपाहारगृहांच्या भिंतींवर, उशांच्या अभ्र्यांवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर आज जुने दिसणारे चित्र सर्वत्र आहे. त्यातील बरेचसे डोळ्यांना सुखवते. त्यावर सरसकट नाक मुरडण्याचा आमचा विचार नाही. जुन्यातून काय उचलले आहे, काय मागे ठेवले आहे आणि उचलणाऱ्याला त्याचे कारण ठाऊक आहे काय, एवढेच येथे पाहायचे आहे.

*

ज्या चित्रांची नक्कल आज सर्वाधिक होते ती रविवर्म्याच्या छापखान्याची. या चित्रांचा आणि महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी माणसांचा संबंध सामान्यतः समजतात त्याहून जवळचा आहे. रविवर्म्याला आपल्या चित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घेण्याचे प्रथम सुचवले ते सर टी. माधवराव यांनी. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला हा मुत्सद्दी. आधी त्रावणकोरचा, मग इंदूरचा आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोद्याचा दिवाण. परमुलखात राहून मराठीपण सांभाळणाऱ्यांची जी मालिका आहे, तिच्यातले हे एक ठळक नाव. एका माणसापाशी एक चित्र राहण्यापेक्षा देशभर त्याच्या प्रती जाव्यात, ही त्यांची दृष्टी कारभाऱ्याची होती आणि ती बरोबर ठरली.

१८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी रविवर्मा बडोद्यास आला. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी महाराजांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका हे विषय त्यांतलेच. या कामाआधी रविवर्म्याने देशभर प्रवास केला. अखिल हिंदुस्थानाला आपली वाटेल अशी पौराणिक नायिका कोणत्या वेषात दाखवावी, हा त्याचा प्रश्न होता. त्याने आपल्या कितीतरी नायिकांना महाराष्ट्रातील स्त्रियांसारखे लुगडे नेसवले. केरळातल्या चित्रकाराने, बडोद्याच्या राजासाठी, महाभारतातल्या राजकन्येला मराठी वळणाचे वस्त्र दिले, आणि पुढे ते सगळ्या देशाला तिचे स्वाभाविक वस्त्र वाटू लागले.

१८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे. पहिले चित्र निघाले ते शकुंतलाजन्माचे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके काही काळ याच छापखान्याच्या कामात होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधील देवादिकांकडे पाहताना हे विसरून चालणार नाही. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि त्या कथेचा शेवट झाला.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की आज ज्याला आपण ‘जुने’ म्हणून कुरवाळतो ते आपल्या काळी कमालीचे नवे होते. १८९४ साली ही चित्रे विकत घेणाऱ्या माणसाला त्यांत गतकाळाचा सुगंध येत नव्हता. ताज्या शाईचा आणि व्हार्निशचा वास येत होता. पुण्याच्या चित्रशाळेची चित्रे १८७८ पासून घरोघर जात होतीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली, त्यामागे स्वाभिमान जागवण्याचा हेतू होता. म्हणजे देवघरातले आणि माजघरातले ते चित्र हे तेव्हाचे अगदी पुढचे पाऊल होते. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आला, तो या छपाईमुळे. जुन्या चित्राची नक्कल करणारा त्याचा रंग घेतो, वेलबुट्टी घेतो. पुढे पाहण्याची ही वृत्ती मात्र त्याच्या नक्कलेत फार क्वचित उतरते.

*

आता तंत्राकडे वळू, कारण या विषयात तंत्र समजल्याखेरीज रुची समजत नाही.

शिळाछापाचे तत्त्व साधे आहे. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. बव्हेरियातील झोल्नहोफेन येथून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्राला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शोधले. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागे; एका चित्राला डझनभर, कधी त्याहून अधिक. प्रत्येक शिळेवरचे चित्र आधीच्या छापावर तंतोतंत बसले पाहिजे. केसभर जरी सरकले तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जायचा. शेवटी कागदावर व्हार्निश चढवून त्याला तैलचित्राच्या कॅनव्हाससारखा पोत देत. म्हणून या चित्रांना ‘ओलिओग्राफ’ म्हणत.

पुढे ठोकळ्यांचा काळ आला. हाफटोन ब्लॉकमध्ये छायाप्रकाश बारीक ठिपक्यांनी दाखवत. लाइन ब्लॉकमध्ये फक्त रेघ आणि सपाट रंग. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे आठवून पाहावीत. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईत येऊन मराठी पुस्तकाला चेहरा दिला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. त्यांच्या कित्येक मुखपृष्ठांवर दोन किंवा तीनच रंग असतात. रंग वाढला की खर्च वाढे, हे प्रकाशकाचे गणित. दलालांनी त्या गणिताची कुरकूर केली नाही. कागदाचा पांढरेपणा हाच एक रंग मानला, काळ्या रेघेला वळण दिले आणि लाल रंगाचा एक तुकडा असा ठेवला की तेथून नजर हलू नये. त्यांचेच समकालीन आणि गोमंतकीयच रघुवीर मुळगावकर. फवाऱ्याने रंग उडवून त्यांनी चेहऱ्यांना जी मऊ, धूसर कांती आणली, ती त्यांच्या देवदेवतांना शोभली आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांनाही शोभली. एकाने कमतरतेतून शैली घडवली, दुसऱ्याने साधनाचा नवा गुण हेरला. दोघांनाही आपण काय करीत आहोत आणि का, हे पक्के ठाऊक होते.

आजचा ‘रेट्रो’ करणारा काय करतो? त्याच्या यंत्राला ठिपक्यांची गरज नाही, म्हणून तो ठिपके वरून पेरतो. त्याचे रंग सरकत नाहीत, म्हणून तो लाल रंग मुद्दाम जरासा सरकवतो. त्याचा कागद कोरा आहे, म्हणून त्यावर डाग छापतो. जो दोष टाळण्यासाठी मळवलीच्या कारागिराने डोळे शिणवले, तोच आज त्याच्या कामाची ओळख म्हणून विकला जातो. पिवळेपणाही चित्राचा नव्हता. तो सूर्यप्रकाशाचा, उदबत्तीच्या धुराचा आणि स्वस्त कागदातल्या आम्लाचा आहे. चित्रावर काळाने जे केले त्यालाच चित्र समजणे, ही या पद्धतीची मूळ चूक आहे. म्हाताऱ्या माणसाचे व्यक्तिचित्र काढताना सुरकुत्या तेवढ्या काढाव्यात आणि माणूस विसरावा, तसे हे होते.

आणखी एक गोष्ट नक्कलेत हमखास सुटते. आमच्या परिचयाच्या कित्येक जुन्या घरांत रविवर्मा छापखान्याच्या सरस्वतीला खऱ्या जरीचे काठ शिवलेले असत, लक्ष्मीच्या गळ्यात टिकल्या आणि मणी चिकटवलेले असत. दुपारची कामे आटोपल्यावर घरातल्या लेकीसुना हे काम करीत. एकसारखे छापलेले चित्र घरात आले की घरची बाई त्याला आपल्या हाताने वेगळे करी. एका घरची लक्ष्मी दुसऱ्या घरच्या लक्ष्मीसारखी राहत नसे. बाजारात आज मिळणाऱ्या प्रतींत त्या टिकल्याही छापून येतात. हाताने करण्यासारखे काही उरतच नाही.

*

येथे कोणी म्हणेल, की उसनवारी हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. कलेच्या इतिहासात मागे वळून पाहणे नेहमीच चालत आले आहे. विल्यम मॉरिसने १८९१ मध्ये केल्मस्कॉट छापखाना काढला तो पंधराव्या शतकातील पुस्तके समोर ठेवून. पण त्याने जुन्या व्हेनिसमधील निकोला जेन्सनच्या अक्षरांची छायाचित्रे मोठी करून त्यांचा अभ्यास केला, कागद आणि शाई यांचा शोध घेतला आणि आपल्या काळातल्या गचाळ छपाईला त्यातून उत्तर दिले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिल्टन ग्लेझर, सीमूर क्वास्ट आणि त्यांच्या मित्रांनी ‘पुश पिन’ स्टुडिओ काढला. छायाचित्र आणि रेखीव कोरडेपणा यांचे राज्य असताना त्यांनी जुनी लाकडी अक्षरे, व्हिक्टोरियन नक्षी, आर्ट नूव्होची वळणे पुन्हा आणली, ती विनोदाने आणि हेतूने. १९६६-६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या संगीतसभांच्या भित्तिपत्रकांसाठी वेस विल्सनने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरचे अक्षर उचलले आणि ते इतके फुगवले, वाकवले, की ते त्या तरुण पिढीचेच अक्षर झाले. या सर्वांनी जुन्याला एक प्रश्न विचारला होता : माझ्या आजच्या अडचणीत तू मला काय देशील?

रविवर्मा स्वतःही उसनवारी करणाराच. युरोपीय तैलचित्रणाची पद्धत त्याने घेतली आणि तिच्यात आपली पुराणे बसवली. त्याबद्दल आनंद कुमारस्वामींसारख्यांनी त्याला कठोर बोल लावले. त्यातले काही आम्हांस आजही पटतात. त्याच्या देवता एकाच साच्याच्या उजळ कांतीच्या आहेत आणि त्यांचे भाव पुष्कळदा रंगभूमीवरचे आहेत. गोऱ्या कांतीची जी भुरळ आपल्या जाहिरातींनी पुढे शंभर वर्षे पोसली, तिच्यात या चित्रांचा काही वाटा नाही असे म्हणवत नाही. जुन्याचा मोह पडला की हे दिसेनासे होते. म्हणून जुन्या चित्राची खरी आठवण ठेवणे म्हणजे त्याच्या दोषांसकट ठेवणे.

या कसोटीवर अलीकडच्या दोन कामांची तुलना उद्बोधक ठरेल. दोन्ही रविवर्म्यावरच आधारलेली आहेत आणि दोन्ही छायाचित्रे आहेत.

पहिले पुष्पमाला एन. यांचे. बंगळुरूच्या या कलावतीचे शिल्पकलेचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीबरोबर त्यांनी दक्षिण भारतातील स्त्रियांच्या प्रतिमांची एक मालिका केली. तीत देवी, चित्रपटांतील नायिका, पोलिसांच्या दप्तरातील स्त्रिया, मानववंशशास्त्रज्ञांनी मोजमापासाठी उभ्या केलेल्या स्त्रिया अशा अनेक जुन्या प्रतिमा पुष्पमालाबाईंनी स्वतः वेष घेऊन पुन्हा उभ्या केल्या. त्यांतच रविवर्मा छापखान्याची लक्ष्मीही आहे. पडदा रंगवलेला आहे आणि तो रंगवलेला आहे हे लपवलेले नाही. मध्ये उभी असलेली स्त्री देवीसारखी दिसण्याचा कसून प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न आपल्याला दिसतो. पाहता पाहता मनात येते, की मूळ चित्रासाठीही कोणीतरी स्त्री अशीच तासन्‌तास उभी राहिली असेल. तिचे नाव कोणी विचारले नाही. हसू येते आणि मागोमाग ते विरते. हे चित्र रविवर्म्याची थट्टा करीत नाही आणि त्याची आरतीही ओवाळीत नाही.

दुसरे काम २०२० चे. चेन्नईच्या एका सेवाभावी न्यासाच्या दिनदर्शिकेसाठी जी. वेंकट राम या कुशल छायाचित्रकाराने रविवर्म्याची प्रसिद्ध चित्रे दाक्षिणात्य चित्रपटांतील नामवंत अभिनेत्रींना घेऊन हुबेहूब उभी केली. हेतू चांगला होता. काम विलक्षण नेटके आहे. वस्त्रांच्या चुण्या, दागिन्यांची घडण, खिडकीतून येणारा उजेड, सारे मुळाबरहुकूम. तरी आम्ही ती छायाचित्रे दोनदा पाहिली आणि तिसऱ्यांदा पाहण्याची ओढ लागली नाही. चित्रातल्या स्त्रीच्या जागी ओळखीचा चेहरा आला, एवढाच फरक. पाहणारा ‘किती हुबेहूब!’ म्हणतो आणि तेथेच थांबतो. मूळ चित्र आणि आजची स्त्री यांच्यामध्ये सव्वाशे वर्षे लोटली आहेत, हे या छायाचित्रांत कोठे जाणवत नाही. कौशल्यात हे काम पहिल्यापेक्षा उणे नाही, कदाचित सरसच असेल. पहिल्यात एक शंका आहे. दुसऱ्यात ती नाही, आणि शंकेवाचून नक्कल केली की ती कितीही सफाईदार असली तरी आरशाच्या पुढे जात नाही.

*

आता अक्षरांविषयी. आमच्या मते आपणा मराठी माणसांच्या दृष्टीने हा भाग चित्रांहूनही महत्त्वाचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

मराठी मुद्रणाला स्वतःचे वळण होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे खिळे हे देवनागरीच्या सौष्ठवाचे मानदंड समजले जात. काशीपर्यंतचे पंडित त्या छापाच्या संस्कृत पोथ्या मागवीत. पुढे चित्रकारांनी हाताने काढलेली शीर्षके आली. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याणचा खजिना’ या १९२४ च्या बोलपटपूर्व चित्रपटाचे भित्तिपत्रक आजही पाहण्यासारखे आहे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून अक्षरच नटासारखे उभे केले. नाटकाचे नाव वाचताच त्याची जात कळावी अशी त्यांची हातोटी होती. २०२० मध्ये ते गेले. र. कृ. जोशी यांनी हीच जाण संगणकापर्यंत नेली. अनेकांच्या पडद्यावर दिसणारा ‘मंगल’ टंक त्यांचा.

मराठीचा ‘ल’ पाकळीचा, ‘श’ देठाचा. उत्तरेकडील ‘ल’ दंडाचा, तिकडचा ‘श’ही निराळा. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठीच्या देवनागरीसंबंधी निर्णय काढला, त्यात मराठी वळणाच्या या दोन अक्षरांना अधिकृत मान दिला. पण संगणकाच्या संकेतप्रणालीत दोन्ही ‘ल’ एकच आहेत. कोणते रूप दिसावे हे टंक करणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर अवलंबून राहते. काही टंकांत मराठीची रूपे दडवून ठेवलेली असतात, पण ती मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत. तीच गोष्ट ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतल्या फरकाची. डोंगरातली दरी आणि अफाट सागर यांना वेगळे करणारी ती चंद्रकोरीसारखी रेघ सजावटीच्या कित्येक टंकांत नसते किंवा वेडीवाकडी येते.

ज्या स्मरणिकेपासून आम्ही सुरुवात केली, तिच्या मुखपृष्ठावर ‘लक्ष्मी’ होती आणि आतील शीर्षकांत ‘ल’ दंडाचा होता. म्हणजे जुन्या मराठी चित्राभोवती, जुना दिसावा म्हणून पिवळ्या केलेल्या कागदावर, आमच्या कोणत्याही पूर्वजाने न गिरवलेले अक्षर बसले होते. पुण्यामुंबईत हे झाले असते तर आम्ही एवढे मनावर घेतले नसते. तेथे रस्त्यावरच्या पाट्या आहेत, शाळा आहेत, चूक सुधारायला हजार वाटा आहेत. आपल्या गावांत, जेथे बाहेरचे सारे व्यवहार हिंदीत, गुजरातीत, कन्नडात किंवा तेलुगूत होतात, तेथे मराठी अक्षर पाहायला मिळण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक जागा म्हणजे आपल्या संस्थेचे मुखपृष्ठ. तेथे चुकलेले अक्षर हेच पुढच्या पिढीचे बरोबर अक्षर होणार.

हे त्या तरुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्याने आम्हांस विचारले नाही, हे खरे. पण आम्हीही त्याला काही दाखवले नव्हते. ज्या घरांत दलालांची मुखपृष्ठे असलेले दिवाळी अंक होते, त्या घरांनी स्थलांतराच्या वेळी ते रद्दीत घातले. ओलिओग्राफच्या तसबिरी माळ्यावर गेल्या, तेथून भंगारवाल्याकडे आणि तेथून जुन्या वस्तूंच्या दुकानात. आता त्यांच्या प्रती आपणच दाम मोजून परत आणतो. चित्रकाराला शोध घ्यायचा होता तेव्हा त्याच्यापुढे मूळ वस्तू नव्हती, तिच्या नक्कलेची नक्कल होती. त्याने जे मिळाले त्यावरून केले.

शिवाय न्यायाने बोलायचे तर या जुन्या वळणाच्या लाटेने एक उपकारही केला आहे. आमच्याच ओळखीतल्या एका मुलीने पिशवीवर छापलेली सरस्वती पाहून आजीला विचारले, की हे चित्र आपल्या घरी होते का. होते. आजीने पाठीमागची फळी काढून दाखवली. तिच्यावर तिच्या सासूबाईंच्या हातची, मोडीत लिहिलेली एक ओळ निघाली. ती ओळ वाचता येईल असा माणूस शोधायला चार दिवस लागले. तसबीर कोठून आणली आणि तिला काय पडले एवढाच मजकूर होता. पिशवीवरचे चित्र नसते तर ती फळी कोणी उघडली नसती. तेव्हा नक्कल दाराशी घेऊन येते, हे मान्य. आत जायचे की नाही हे आपल्यावर आहे.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांना आणखी एक धोका आहे आणि तो चित्रांपुरता नाही. आपले मराठीपणही असेच ‘जुन्या वळणाचे’ होऊ पाहत आहे. गणेशोत्सवात नऊवारी, कोजागिरीला मसाल्याचे दूध, स्मरणिकेवर पिवळा कागद आणि व्यासपीठावरून दोन-चार ठेवणीतले शब्द. त्यांतले काहीही खोटे नाही. पण ते का, हे माहीत नसेल तर तेही शोभेचे अनुस्वारच. आपले पूर्वज या गावांत आले तेव्हा त्यांनी जुने जपले आणि त्याच वेळी छापखाने, शाळा, ग्रंथालये, नाटकमंडळ्या काढल्या. त्यांच्या काळी त्याहून नवे काही नव्हते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या घरी जुनी तसबीर, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, नाटकाचे हस्तपत्रक, आगपेटीवरचे चित्र, काहीही असेल तर ते टाकण्यापूर्वी त्याची नीट प्रतिमा काढून ठेवावी आणि ते कोणाचे, कोठून, कधी आले ते कागदावर लिहून जोडावे. काळाचे डाग पुसू नयेत आणि नवे पाडूही नयेत. पुढच्या वेळी संस्थेच्या मुखपृष्ठाचे काम निघाले की चित्रकाराला ती मूळ वस्तू हातात द्यावी, तिच्या मागची बाजूही दाखवावी आणि मग त्याला मोकळे सोडावे. त्याने त्यावरून अगदी आजचे, पांढऱ्याशुभ्र कागदावरचे चित्र केले तरी आम्ही तक्रार करणार नाही. ‘ल’ मात्र पाकळीचा असावा.